एकत्र नांदवलेली दोन फोल्डर्स

आमच्या क्लातेन गावातल्या कार्यशाळेत पाक प्रामुदींइतका मऊ माणूस दुसरा नव्हता; ‘पाक’ म्हणजे आमच्याकडे आदराने ‘काका’. कोणाला ‘नाही’ म्हणणं त्यांना जमायचंच नाही. शाळांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालायचं, आणि त्यासाठी प्रोग्रामची पॅकेजेस, म्हणजे मशिनवर बसवायला तयार गठ्ठे, बांधून पाठवायचं काम आम्हा दोघांकडे होतं.

त्या वर्षी नवी चौसष्ट बिटांची मशिनं आली. त्यांच्यावर जुने बत्तीस बिटांचे प्रोग्रामही चालायचे, फक्त दोघांना लागणाऱ्या फायली, म्हणजे लायब्रऱ्या, वेगळ्या ठेवायच्या: जुन्यांच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये, नव्यांच्या ‘लिब६४’मध्ये. दोन फोल्डर बघून मास्तर लोक गोंधळायचे, दिवसभर फोन करायचे. प्रामुदींनी सर्वांचं मन राखलं. त्यांनी पॅकेजमधून लिब६४चा रस्ताच लिबकडे वळवून टाकला.

“एका म्यानात दोन तलवारी घालताय, पाक!” मी म्हणालो.

“तलवारी कसल्या? भावंडं आहेत ती. नांदतील.”

आमच्या टेबलावरच्या मशिनांत जुना प्रोग्राम एकही नव्हता, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. मीही पुढे बोललो नाही, हा माझा गाढवपणा.

शनिवारी सकाळी अंध मुलांच्या शाळेतून बू मुर्सितींचा फोन आला. ‘बू’ म्हणजे बाई; त्या स्वतः जन्मांध, गणित शिकवायच्या. त्यांचं ब्रेल छापायचं यंत्र बंद पडलं होतं. त्याचा प्रोग्राम जुना. त्याच्या फायलीवर आमच्या पॅकेजने त्याच नावाची नवी फाईल चढवली होती. सोमवारी अकरा मुलांची परीक्षा होती. ब्रेलमध्ये पेपर नसला की कोणीतरी डोळस मास्तर प्रश्न वाचून दाखवतो. गेल्या वर्षी तसंच झालं, वाचणारा घाईत होता आणि निम्मी मुलं नापास झाली.

आम्ही मोटरसायकलवरून धावलो. प्रामुदी दारातूनच माफी मागायला लागले.

“माफी राहू द्या,” बाई म्हणाल्या. “एकत्र का टाकलंत?”

“सोपं जावं म्हणून, बू.”

“कोणाला? तुम्हाला दिसतं, तुम्ही ढिगातूनही शोधाल. आमच्या पोरींचे गणवेश सारखेच आहेत, म्हणून एका कप्प्यात कोंबले तर रोज सकाळी रडारड. मशिनलाही डोळे नाहीत हो. सांगितलं तिथेच हात घालणार बिचारं.”

प्रामुदींचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांची फार दया आली. त्यांनी वळवलेला रस्ता मोडला, जुन्या फायली जागेवर आणल्या, आणि रविवारभर बसून पॅकेज असं बांधलं की ते आधी मशिनलाच विचारेल, तुझं फोल्डर कोणतं?

कार्यशाळेच्या साहेबांचा फोन आला. “पॅकेजसोबत जाणाऱ्या बदलांच्या नोंदीत ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहा. स्वतःचं हसं कशाला करून घेता?”

“नाही, साहेब,” प्रामुदी म्हणाले. त्यांनी लिहिलं: ‘दोन फोल्डर्स मी एक केली, चूक माझी. आधीच्या पॅकेजने जुने प्रोग्राम बंद पडतील. सर्वांनी आजच बदला.’ खाली पूर्ण नाव.

सोमवारी कार्यशाळेत न जाता ते शाळेकडे वळले. मीही मागोमाग गेलो. वर्गात अकरा डोकी खाली, बोटं कागदावरून सरकत होती. वाचून दाखवणाऱ्या मास्तरांची खुर्ची रिकामी होती. प्रामुदींचा पाय दाराला लागला.

“कोण आहे?” बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

“मी, प्रामुदी. सगळं नीट...”

“श्श! पोरं वाचतायत.”

पाक प्रामुदी तोंडावर हात ठेवून व्हरांड्यात गेले आणि खांबाला टेकून ढसाढसा रडले.