धक्क्यावर थांबलेला घोडा

मुलगा नवा डबा घेऊन जिना चढून आला तेव्हा बायको जाऊन वर्षही फिरलं नव्हतं. आमच्यात वर्ष फिरेपर्यंत घरात नवी वस्तू आणत नाहीत. मी दारातच तसं म्हणालो. तो मास्क हनुवटीखाली ओढून म्हणाला, "बाबा, नंबर आईसाठीच लावला होता. आता लागला. मी काय करू?"

डबा म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचा डबा. तो त्याला कन्सोल म्हणतो. जुना टीव्हीखाली होताच. तोही त्यानेच आणून दिलेला. नवा मात्र फार जोरकस आहे म्हणे. जगभर लोक त्याच्यासाठी रांगेत होते आणि तो कुठे मिळत नव्हता. तो खोक्यातून बाहेर काढता काढताच मुलाने सांगून टाकलं, "जुना मी जाहिरातीत टाकलाय. चारला माणूस येईल न्यायला."

"कोणाला विचारून?"

"त्यात काय विचारायचं? दोन कशाला हवेत? नव्यात जुन्यातलं सगळं चालतं, उलट जास्त चांगलं चालतं."

मग तो वायरी जोडत बसला आणि कोणत्या गेमला काय मिळालं ते सांगायला लागला. ह्या गेमला दुप्पट फ्रेम, म्हणजे तो आता अजिबात अडखळत नाही. त्या दुसऱ्याला सावल्या खऱ्यासारख्या. तिसरा नुसता लवकर उघडतो, बाकी आहे तसाच. आणि एकाच्या कंपनीने काहीच केलं नाही, तो मेलाच म्हणायचा. आईच्या दहाव्यालाही तो इतकं बोलला नव्हता. मी ऐकत होतो. ती गेली त्या हिवाळ्यात इस्पितळातही असंच चाललं होतं, कोणाला काय मिळणार, कोण थांबणार, कोणाचं काही होणार नाही. फक्त तिथे कोणी इतक्या आनंदाने सांगत नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "तिचा गेम?"

"आईचा आहे ना! मागच्याच महिन्यात त्याचं अपडेट आलं. तोच तर दाखवायचाय तुम्हाला."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कोकणातल्या खाडीकाठचा. बोटीवर तेलवाला म्हणून लागलो, म्हणजे खाली इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालायचं. फिरत फिरत रॉटरडॅमला उतरलो आणि इथल्याच बंदरात कामाला राहिलो. बायको नंतर आली. त्याआधीची कितीतरी वर्षं ती गावच्या धक्क्यावर तरीची वाट बघायची. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. पलीकडच्या काठाला एस.टी. थांबायची आणि माणसं तरीत बसून अलीकडे यायची. सुट्टीवर येणारा नवरा यायचा तर त्याच होडीतून. तारेत दिवस लिहिलेला असायचा, पण बोटीचा काय भरवसा, म्हणून ती आधीपासूनच जाऊन उभी राहायची.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टरने, इस्पितळात पाठवलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशनचा दिवसही ठरला. तेवढ्यात कोरोना आला. इस्पितळातून एका बाईचा फोन आला, फार गोड आवाजाची. थांबण्यासारखं आहे ते सगळं पुढे ढकललंय म्हणाली. मी तिला डच भाषेत सांगितलं, माझी बायको भातात खडा आहे की तांदूळ ते ओळखत नाही, थांबण्यासारखं काय आहे त्यात? ती म्हणाली, समजू शकते. हे वाक्य त्यांना शिकवलेलं असतं.

पोथी वाचता येईना, शिवण जमेना, देवळात जाणं बंद, बायकांचा हळदीकुंकवाचा गोतावळा बंद. मुलगा आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. तो एका रविवारी आला, दारातच खोकं ठेवून दोन हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "आई, माझा जुना कन्सोल. टीव्हीवर मोठं दिसेल तुला. वेळ जाईल."

मी हसलो. म्हातारी गेम खेळणार!

खेळली. गेम तलवारीचा होता. राक्षस मारायचे, किल्ले जिंकायचे, कोणत्या तरी राजाला सोडवायचं. तिने कधी कोणाला सोडवलं नाही. तिला घोडा मिळाला होता, तेवढा पुरला. तो रिमोट मांडीवर सुपासारखा धरून, डाव्या अंगठ्याने एकच दांडी ढकलत ती घोडा चालवायची. पळवायची नाही.

"अगं, दुसऱ्या बटणाने पळतो तो," मी म्हणायचो.

"तुम्हाला काय, दमतो कोण? तो."

मध्येच कोणी दरोडेखोर येऊन तलवारीने हाणायचा. ती घाबरायची नाही. "मेल्या, बाईमाणसावर हात टाकतोस? आईने हेच शिकवलं?" असं त्याला टीव्हीत बघून मराठीतून झापायची. तो काही ऐकायचा नाही आणि ती पडायची. मग गेम तिला पुन्हा घोड्याजवळ उभी करायचा आणि ती पुन्हा निघायची. जायची एकाच जागी. नदीवर लाकडाचा एक धक्का होता, तिथे. घोडा धक्क्याच्या टोकाला नेऊन उभा करायची, रिमोट खाली ठेवायची आणि बघत बसायची. मी चहा ठेवायचो. बाहेर सगळं रॉटरडॅम बंद, ट्राम रिकाम्या जायच्या, आणि आमच्या घरात नदीचा आवाज.

त्या नदीच्या पलीकडे सगळं धुकं. त्या धुक्यात एक पांढरट डाग होता.

"तर निघाली बघा," ती म्हणाली पहिल्या वेळेला.

"ढग आहे तो."

"तुम्हाला काय कळतंय! आयुष्यभर बोटीच्या पोटात होतात तुम्ही. वर येऊन पाणी कधी बघितलंत?"

खरंच होतं ते. पण तो डाग काय आहे ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. माझे डोळे चांगले आहेत, तरी तो डाग मलाही डागच दिसायचा. होडी म्हणा, शीड म्हणा. हलतोय असं वाटायचं, धुकं सरकायचं म्हणून असेल.

ती मुलाला फोनवर म्हणाली, "बाळा, पलीकडचं कधी साफ दिसेल का रे? माझे डोळे झाल्यावर?"

"आई, ते तुझ्या डोळ्यांचं नाही. त्या डब्यात तेवढी ताकद नाही. लांबचं काढायला त्याला जमत नाही, म्हणून तो धुक्यात लपवतो. नवा येतोय ना, त्यात पार पलीकडचा काठ दिसेल. मी नंबर लावलाय."

त्या दिवसापासून तिने दोन गोष्टींची वाट बघितली, डोळ्यांची आणि डब्याची. सकाळी विचारायची, "इस्पितळाचा आला का फोन?" आणि रविवारी मुलाला, "लागला का रे नंबर?" दोन्हीकडून एकच उत्तर, अजून नाही, पुढच्या महिन्यात बघू. मी तिला म्हणायचो, आपल्यासारख्यांचा नंबर लागत नसतो. ती म्हणायची, "वाट बघायला काय जातंय? मला सवय आहे."

मग थंडी आली आणि खोकला आला. तिचा आधी, माझा नंतर. माझा बरा झाला. तिला रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा जिन्यात माणसं अंतराळवीरांसारखे कपडे घालून होती आणि ती त्यांना विचारत होती, माझा चष्मा घेतलात का. त्यांना मराठी कळत नव्हतं. मला खाली येऊ दिलं नाही, मला अजून ताप होता. पुढे एका नर्सने तिच्यासमोर व्हिडिओ कॉलचा पडदा धरला आणि मी घरातून त्या पडद्यात बोललो. तिला मी दिसलो का, कोणाला ठाऊक. ती डोळे किलकिले करून बघत होती, धक्क्यावरून बघायची तशी. तिसऱ्या वेळेला नर्सने पडदा धरला नाही, फोनच केला.

स्मशानात खुर्च्या लांब लांब. गावचे लोक मोबाईलवर. तिच्या भावाचा आवाज मध्येच तुटला आणि "हॅलो, ऐकू येतंय का" एवढंच सारखं ऐकू येत राहिलं. हे सगळं झाल्यावर इस्पितळातून पुन्हा त्याच गोड बाईचा फोन आला, डोळ्यांसाठी आता जागा झालीय, कधी सोयीचं पडेल? मी फोन ठेवला. शिवी आली होती तोंडात, पण डचमध्ये मला चांगली शिवी येत नाही.

तर तो डबा. मुलाने जुन्यातून तिचा खेळ नव्यात नेला. "आईने सोडलं तिथूनच सुरू होईल," म्हणाला. मी खुर्ची ओढून बसलो. पूर्वी गेम उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात तिची देवाला फुलं वाहून व्हायची. नव्यात बसलो न बसलो तोच उघडला.

घोडा होता. धक्क्याच्या टोकाला, तिने उभा केला होता तसाच. पण त्याच्या मानेवरचा केस अन् केस दिसत होता. धक्क्याच्या लाकडाला चिरा होत्या, खिळे गंजलेले. पाणी खरं वाटत होतं. मुलगा म्हणाला, "बघितलंत? साठ फ्रेम. जरा अडखळत नाही."

मी घोड्याकडे बघत नव्हतो. पलीकडे धुकं राहिलं नव्हतं. साफ काठ दिसत होता, झाडं, त्यामागे डोंगर. आणि जिथे तो डाग होता तिथे एक खडक होता. पांढरा, उभा, अर्धा पाण्यात. त्यावर पक्ष्यांनी घाण केल्याचे ओघळसुद्धा काढले होते कोणीतरी, अगदी मन लावून.

"खडक आहे," मी म्हणालो.

"टेक्श्चर बघा त्याचं," तो म्हणाला. आणि मग थांबला. फोनवर त्यानेही ऐकलं होतं सगळं. "आई म्हणायची ती होडी... ही?"

"हीच."

तो दांडी पुढे-मागे करत राहिला, जणू दुसऱ्या बाजूने बघितलं तर होडी होईल. खडक सगळ्या बाजूंनी खडकच होता.

"बरं झालं, तिला दाखवायला मिळालं नाही तुला," मी म्हणालो.

त्याने रिमोट सोफ्यावर टाकला. "हे बोलायचं असतं का बाबा? मी किती दुकानांत नाव घातलं होतं माहितीय? तिला साफ दिसावं म्हणूनच ना? तुम्हाला काही चांगलं म्हणून दिसतच नाही!"

"दिसतंय की. फारच साफ दिसतंय."

"मग काय करू मी? परत नेऊ?"

"ने."

तेवढ्यात खालची घंटी वाजली. चार झाले होते, माणूस आला होता. मुलाने जुना डबा आधीच टीव्हीखालून काढून पिशवीत भरला होता, वायरी गुंडाळून, तिचा रिमोट वरती. तो पिशवी उचलायला वाकला आणि मी त्याच्या आधी उचलली. जड होती. मी पंचाहत्तरीचा, गुडघे गेलेले, पण इंजिनखोलीत याहून जड उचललंय.

जिन्यातून एक उंच तरुण वर आला, मास्क लावलेला, खांद्याला सायकलची मोठी पिशवी. हसून काहीतरी म्हणाला.

मी पिशवी पोटाशी धरून दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ने." त्यांच्या भाषेत ते नाही असतं.

तो मुलाकडे बघायला लागला. म्हणाला, पण आपलं ठरलं होतं.

"ने," मी म्हणालो. "खा वेख." म्हणजे चालू लाग, असं मला म्हणायचं होतं. बरोबर बोललो की नाही ठाऊक नाही, पण तो दोन पायऱ्या उतरला.

मुलगा मागून त्याची माफी मागत राहिला, फार सफाईदार डचमध्ये. तो गेल्यावर दार लावून म्हणाला, "आता तो त्या जाहिरातीखाली माझ्या नावाने घाण लिहील."

"लिहू दे."

"बाबा, तोच खेळ आहे दोन्हीत. तीच जागा, तोच घोडा. फक्त जुन्यात पलीकडचं दिसत नाही."

"तेच पाहिजे मला."

संचारबंदी लागायच्या आत त्याला आइंडहोव्हनला पोचायचं होतं. जाण्याआधी त्याने नवा काढला, जुना पुन्हा टीव्हीखाली जोडला, गेम लावून दिला आणि रिमोट माझ्या हातात ठेवला. नवा तो घेऊन गेला. आता फोनवर मध्येच सांगतो, ह्या गेमलाही अपडेट आलं, त्याच्याही फ्रेम वाढल्या. मी हं म्हणतो.

दुपारी मी जुना डबा लावतो. आतला पंखा कण्हतो, गेम उघडायला वेळ लागतो, मी तोवर चहा ठेवतो. एकच कप. मग घोडा येतो. मी त्याला हलवत नाही. धक्का तोच, नदीचा आवाज तोच, पलीकडे धुकं भरपूर. डागही जागेवर आहे.

पण तो मला आता खडकच दिसतो. डोळे कितीही बारीक केले तरी.