बिनसावलीची क्रेन

आमच्या कारखान्यात क्रेनवर बसणाऱ्या माणसाला सगळे ‘गरुड’ म्हणायचे, आणि त्या नावाचा सगळ्यात जास्त अभिमान कुणाला असेल तर त्याला स्वतःलाच. तो माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. त्यामुळे त्याची खेचण्याचा हक्क मला त्यांच्या लग्नातच मिळाला आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही. बाकदार नाक, ताठ मान, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, छताखालून धावणारी ती क्रेन याच्या वडिलांनी याला हौसेने करून दिली आहे. खाली आम्ही धुळीत, आणि वर काचेच्या केबिनमध्ये हा. हत्तीएवढा ओतीव साचा उचलून तो इतका अलगद टेकवायचा की शेजारच्या बाकावरच्या कपातला चहा हलायचा नाही.

आता खरी गंमत. या गरुडाला डावा डोळा नव्हता. म्हणजे होता, दिसायलाही चांगला होता, पण कामाचा नव्हता. लहानपणी खेळताना भावाच्या हातची काठी लागली, तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड की अंधार एवढंच कळतं. हल्ली तो स्वतःच हे सांगत सुटतो, म्हणून मीही सांगतोय. चुगलीचं पाप माझ्या माथी नाही. नोकरीत असताना मात्र त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मलाही नाही, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे बायकोलाही नाही. कारखान्याचा डॉक्टर दरवर्षी डोळे तपासायला यायचा. हा आधी उजव्या डोळ्याने तक्ता वाचायचा, वाचता वाचता पाठ करायचा आणि डाव्याची पाळी आली की तोच घडाघडा म्हणून दाखवायचा. डॉक्टर खूश. या वयात असे डोळे म्हणून वर पाठीवर थाप.

एका डोळ्याने समोरची वस्तू दिसते, पण ती किती जवळ आणि किती लांब हे नीट कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला घ्या, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल. गरुडाने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. क्रेनच्या पोटाखाली मोठे दिवे असतात, काळोख झाला की लावायचे. हा ते भर दुपारी लावायचा. दिवे लागले की लोंबत्या मालाची सावली जमिनीवर पडते. माल उंच असताना ती मोठी आणि विसविशीत असते, माल उतरेल तशी आवळत येते, आणि टेकताना दोघं एकमेकांना येऊन मिळतात. गरुड मालाकडे बघायचाच नाही. तो सावली बघायचा.

मॅनेजर खालून ओरडायचा, “अहो, दिवसाढवळ्या दिवे कशाला? लग्न आहे का कुणाचं?”

“गरुडाला दरबार उजळलेला लागतो, साहेब,” हा वरून.

आम्ही हसायचो. मिजास आहे झालं, म्हणून सोडून द्यायचो.

त्याचा खालचा जोडीदार होता मुंगी. साखळ्या बांधायच्या, हाताने इशारे करायचे आणि माल टेकेपर्यंत बाजूला उभं राहायचं हे त्याचं काम. प्रत्येक गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघायचा, म्हणून मुंगी.

“मुंगे, आज सोडतोस का, की साखळीला मिठी मारून झोपणार?” गरुड वरून विचारायचा.

“तुम्हाला काय उस्ताद, तुम्ही वर. खाली माझं डोकं आहे, आणि ते बायकोला लागतं संध्याकाळी,” मुंगी म्हणायचा.

दोघांचं असं चालायचं. रविवारी तर मुंगी मुद्दाम घरी यायचा, चहाबरोबर टोमणे खायला. पुढे तोही क्रेन चालवायला शिकला, गरुडाकडूनच.

मग कारखान्यात ते चष्मे आले. चष्मे कसले, डोळ्यांवर बांधायचा डबाच तो. आत हुबेहूब आपला कारखाना दिसतो, मान वळवाल तिकडचा. एका रिकाम्या खोलीत खुर्ची मांडली, तिला क्रेनसारखे दांडे बसवले. नव्या मुलांनी तिथे हात बसवावा, काही आपटलं तरी खऱ्याचं नुकसान नाही, अशी योजना. ते सगळं तयार करणारी इंजिनीअर मुलगी आमच्या लेकींच्या वयाची, पण सगळे तिला ताई म्हणायचे. कारखान्यातल्या सगळ्यात चांगल्या चालकाचं काम नमुना म्हणून आत भरायचं आणि पुढे त्यालाच त्या खोलीचा मास्तर करायचं, असं तिने ठरवलं होतं. नाव अर्थातच गरुडाचं.

मास्तर या शब्दाने त्याला पार वेड लावलं. शिडी चढताना गुडघे कुरकुरायला लागले होते हे एक. आणि दुसरं म्हणजे शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस, त्याला आता कुणीतरी मास्तर म्हणणार. बहिणीने मला हळूच सांगितलं, “दादा, आरशासमोर उभे राहून ‘हं, बसा मुलांनो’ म्हणत होते. मी पडद्याआडून ऐकलं.” मी अर्थातच ते पुढे चार जणांना सांगितलं.

चाचणीच्या दिवशी खोली भरली होती. चष्म्यातलं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. गरुड राजासारखा बसला, माल उचलला, सुरेख नेला आणि सरळ भिंतीवर नेऊन आपटला. कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या खेपेला माल टेकला असं समजून त्याने साखळी ढिली केली, तेव्हा माल अजून माणसाच्या उंचीवर लोंबत होता.

“खालचे दिवे लावा,” तो चष्म्याच्या आतूनच म्हणाला.

“आत सगळीकडे सारखाच उजेड आहे, काका,” ताई म्हणाली. “सावल्या टाकल्या की चित्र अडखळतं, म्हणून नाही टाकल्या. तुम्हाला काय कमी पडतंय ते सांगा, मी घालते.”

एक शब्द पुरे होता. तिने तर तो स्वतःच्याच बोलण्यात उच्चारूनही टाकला होता. पण सावली हवी म्हटलं की कशाला हवी हा प्रश्न येणार, आणि त्याच्या मागोमाग डोळा येणार. गरुडाने चष्मा काढून खुर्चीवर ठेवला.

“खेळणं आहे हे. पोरांना द्या,” म्हणाला आणि निघून गेला.

पोरगी चिवट. ती घरी आली. मीही होतो तिथे. असं काही असलं की मी असतोच.

“काका, तुमच्याइतका हलका हात मी कुठे बघितला नाही. मला खोलीत तुम्हीच हवे आहात. वर बसून तुम्ही नक्की काय बघता, तेवढंच सांगा.”

“अनुभव बघतो,” गरुड म्हणाला.

“तो चष्म्यात कसा घालू?”

“तो तुमचा प्रश्न.”

ती गेल्यावर बहीण कप उचलायला आली. “सांगायचं होतंत,” म्हणाली.

“काय सांगायचं होतं?” हा एकदम ताठ.

“काही नाही. साखर कमी पडली का ते.”

मास्तर झाला मुंगी. गरुड पुढे रीतसर निवृत्त झाला आणि खिडकीत बसून रस्त्यावरच्या वाहनांना नावं ठेवू लागला. मुंगी रविवारी यायचाच. “या मास्तर, आज किती भिंती पाडल्या?” असं याने विचारायचं आणि त्याने हसून घ्यायचं.

एका रविवारी मात्र मुंगी हसला नाही. चष्म्यात शिकलेली मुलं खऱ्या क्रेनवर गोंधळत होती, माल धाडकन टेकवत होती. ताई म्हणत होती, आत काहीतरी राहून गेलंय.

“उस्ताद, एक विचारू? तुम्ही दुपारचे दिवे का लावायचात?”

माझी बहीण भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. गरुड खिडकीबाहेर बघत होता.

“शोभा म्हणून,” तो म्हणाला.

मुंगी उठला. बहीण त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली आणि, तिनेच मला पुढे सांगितलं तसं, दार ओढून घेऊन म्हणाली, “भाऊजी, सावली. ते सावली बघायचे.”

“सावली कशाला? माल समोर दिसतो की,” मुंगी म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला. मध्येच थांबला. कठड्याला धरून खाली बसला. तळहाताने एक डोळा झाकून खालच्या पायऱ्यांकडे बघितलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी खाली उभा होतो.”



चष्म्यात सावल्या आल्या. मुलांचे हात बसले. मुंगी मास्तरांची वाहवा झाली; सावली त्यांनीच शोधून काढली, असं जो तो म्हणू लागला. डोळ्याबद्दल मुंगीने चकार शब्द काढला नाही. फक्त रविवारी येणं बंद झालं.

ही सावलीची बातमी गरुडापर्यंत पोचवण्याचं काम अर्थात मी केलं. “दाजी, तुमची मुंगी फारच हुशार निघाली हं,” अशी सुरुवात करून सगळं रंगवून सांगितलं. त्याचा चेहरा उतरताना बघून मी आवरतं घेतलं. त्याने मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं.

“तू सांगितलंस?”

“हो,” बहीण आतून म्हणाली.

मी तेव्हा उठून जायला हवं होतं. पण अशा वेळी उठणारा माणूस मी नव्हे.

“आणि तुला कुणी सांगितलं?”

ती हात पुसत बाहेर आली. “कुणी कशाला सांगायला हवं? लग्न झाल्यापासून रस्त्याने तुमच्या डाव्या बाजूने चालतेय मी. कुणी धडकू नये म्हणून. पाण्याचा तांब्या कधी डावीकडे ठेवलाय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढ्या कष्टाने लपवत होतात. म्हटलं, राहू दे.”

गरुड स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाला, “बोललो असतो तर काढून टाकलं असतं मला.”

“क्रेनवरून काढलं असतं,” ती म्हणाली. “आणि काढायलाच हवं होतं. पण त्या खोलीतून कशाला काढलं असतं? तिथे मालाखाली कोण उभं होतं?”



दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “चल, मुंगीकडे जाऊन येऊ.” एकट्याने जायची हिंमत नसावी. मुंगीने दार उघडलं, “या या” म्हणाला, बसायला चांगली खुर्ची पुढे केली. बायकोला चहा टाकायला सांगितलं. गरुडाने डोळ्याची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. काठी, डॉक्टरचा तक्ता, दिवे, काही ठेवलं नाही. मुंगी मान हलवत ऐकत होता, एखाद्या नव्या पाहुण्याचं ऐकावं तसा.

“मुंगे, शिव्या घाल मला,” शेवटी गरुड म्हणाला.

“छे हो. झालं ते झालं. चहा घ्या, निवतोय.”

“टाकून बोल काहीतरी. तू कधी सोडायचास का मला?”

“तुम्ही मोठे आहात,” मुंगी म्हणाला आणि बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

आम्ही चहा प्यालो. मुंगी खालपर्यंत सोडायला आला, पायरी तुटलीय, जपून उतरा म्हणाला, पुन्हा या म्हणाला. कोपऱ्यावर वळल्यावर गरुड थांबला. मला वाटलं, दम लागला.

“इतकं नीट बोलला रे तो माझ्याशी,” तो म्हणाला.