एका वडाची दोन मंडळं

कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं त्या सुमारास आमच्या भागात दोन बोन्साय मंडळं होती. एक महाडला, एक पोलादपूरला. दोन्हींची मिळून सभासदसंख्या दोन, आणि झाड एक.

महाडची अध्यक्ष मी. पोलादपूरचा अध्यक्ष माझा थोरला भाऊ, दादा. झाड आमच्या बाबांचं, पसरट कुंडीत वाढवलेला वीतभर उंचीचा वड. बाबा गेल्यावर आम्ही तो सहा-सहा महिने वाटून घेतला. (जमिनीची वाटणी याहून सोपी झाली होती.) यष्टीत कोणाच्या तरी मांडीवर बसून तो वर्षातून दोनदा सासर-माहेर करायचा.

एका दिवाळीत साफसफाई करताना मला त्याच्या फांदीवरून एक जळमट लोंबताना दिसलं. मी कात्रीने कापलं. ते जळमट नव्हतं. ती बाबांनी आठ वर्षं जपलेली पारंबी होती, मातीला टेकायला बोटभर उरलेली! दादा आला, त्याने पाहिलं, आणि चहा न घेता परत गेला. त्या भाऊबीजेला मी पाट मांडून संध्याकाळपर्यंत बसले आणि शेवटी चंद्राला ओवाळलं. तोवर मंडळ एकच होतं. दादाने पोलादपूरचं वेगळं काढून शिक्का करून घेतला. मीही बाबांचीच लेक, मी दोन शिक्के केले. वर्षभर अबोला. वड न्यायलासुद्धा तो आला नाही.

अशात मुंबईच्या मोठ्या मंडळाचं पत्र दोघांनाही आलं. जपानचे आणि आणखी कुठकुठले बोन्सायवाले महाबळेश्वरला निघालेत, वाटेत अर्धा तास एका ठिकाणी थांबतील. तरी शेजारच्या मंडळांनी आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी आधी आपसात सहकार्य करून ठिकाण कळवावं.

मला जपान्यांचं काय होतं? मला दादा हवा होता. मी मुंबईला लिहिलं, पोलादपूरला थांबा. वड घेऊन आपण जायचं, पाहुण्यांदेखत तो तोंड फिरवतो कसा ते बघायचं. (दादाला कळवलं नाही. अबोला होता ना!)

त्या दिवशी वड मांडीवर घेऊन यष्टीत बसले. कंडक्टरने विचारलं, याचं तिकीट अर्धं का पूर्ण. मधल्या फाट्यावर पोलादपूरची गाडी समोर येऊन थांबली, आणि खिडकीत दादा! नवा सदरा, डोक्याला तेल. मी वड सीटवर ठेवून धावत उतरले, गाडीला मागून वळसा घालून त्याच्या गाडीत चढले. दादा पुढून वळसा घालून माझ्या गाडीत चढला. दोन्ही कंडक्टरांनी घंटाही एकदमच मारली.

माझ्या आरड्याओरड्याने गाडी अर्ध्या मैलावर थांबली. उन्हातून चालत फाट्यावर आले, तर समोरून दादा येत होता, वड छातीशी धरून.

फाट्यावरच्या मोठ्या वडाखाली आम्ही बसलो, छोटा वड मध्ये. तेव्हा कळलं, त्यानेही मुंबईला लिहिलं होतं, महाडला थांबा. दादाने कापलेल्या जागेवर बोट फिरवलं.

"फुटेल गो परत," तो म्हणाला. "भाऊबीजेला पाट मांडलावतास?"

"मांडला होता."

"मी स्टँडपर्यंत आलो होतो, शालू. तिथूनच परत गेलो."

मी भर रस्त्यात रडले. तेवढ्यात पाहुण्यांची बस समोरून गेली. खिडक्यांतून परदेशी हात हलले, आम्हीही हलवले. आमचं आंतरराष्ट्रीय सहकार्य ते एवढंच.

घरी गेल्यावर कळलं, महाड आधी लागतं म्हणून पाहुणे आमच्याकडेच थांबून गेले होते. सासूबाईंनी त्यांना कोकम सरबत देऊन रॉकेलच्या डब्यातला कढीलिंब दाखवला. मुंबईच्या अहवालात छापून आलं, महाड मंडळ नैसर्गिक वाढीवर भर देतं.

दादा जाऊन पाच वर्षं झाली. वड आता बाराही महिने माझ्याकडे असतो, आणि मला ते मुळीच आवडत नाही. कापलेल्या जागेशेजारी पारंबी फुटली होती, ती या पावसाळ्यात मातीला टेकली. दादाला दाखवायची राहिली. दिवाळीला सून झाडू घेऊन आली की त्या कोपऱ्यात मी तिला फिरकू देत नाही. भिंतभर जळमटं लोंबतायत. लोंबू देत. माझ्या नजरेचा काय भरवसा, त्यातली एखादी पारंबी निघायची!