करडईचं तेल

काल करडईच्या तेलाची बाटली हाताला चिकटली आणि सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतला आमचा गाळा आठवला. एका वर्षी काम नसल्याने वडिलांचा एकुलता एक लेथ, लोखंड कातायचं यंत्र, बंदच होता, तरी दसऱ्याला आईने त्याची पूजा केली आणि तेलाच्या भोकात घरचं करडईचं तेल ओतलं. "सणाला उपाशी नको," म्हणाली. होळीला काम आलं. पण ते तेल हवेने आळतं; आत त्याचा डिंक झाला होता. वडिलांनी बटण दाबलं, लेथ किंचाळला, बेअरिंग जळालं. "अगं, याला खायचं तेल चालत नाही," एवढंच ते बोलले. काम गेलं, दुरुस्तीला पैसे नव्हते, लेथ भंगारात गेला. पुढच्या दसऱ्याला आई सवयीने झेंडूचा हार घेऊन रिकाम्या गाळ्यात उभी राहिली. तो कुठे घालावा, हे मलाही अजून कळत नाही.