अक्काचं ‘चालू’

आमच्या श्रीपती दाजींना साधी स्कूटर खड्डा चुकवून नेता येत नसे, आणि नोकरी काय, तर गाड्यांचे धक्के जिरवायची! हैदराबादेत तारनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात ते ॲम्ब्युलन्ससाठी नव्या तऱ्हेचे शॉकॲब्सॉर्बर बनवत. आतल्या तेलात लोखंडाची बारीक भुकटी असे. वीज सोडली की तेल दाटायचं आणि गाडी ताठ व्हायची; वीज काढली की मऊ. ताठ गाडीत पेशंट डुलत नाही, पण खड्डा थेट हाडाला लागतो. मऊ गाडीत खड्डा जिरतो, पण पेशंट हेलकावे खातो. कुठे काय हवं ते पुढे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवणार होता. तोवर बटण दाजींच्या हातात होतं.

आंध्र-तेलंगणाची वाटणी झाली त्या साली माझी मनकर्णाअक्का, म्हणजे दाजींची बायको, गच्चीच्या जिन्यावरून पडली. पाठच मोडली. चाचणीची ॲम्ब्युलन्स घराच्या आवारात उभीच होती, दाजींनी तिला त्यातच घातलं. ड्रायव्हरने गाडी काढली; मागे अक्काजवळ दाजी बसले आणि सोबत शेजारच्या पद्मावती, तेलुगू रिवाजाने पद्मावतीगारू. अक्का हलू नये म्हणून दाजींनी बटण फिरवून गाडी ताठ केली. हिमायतनगरच्या अलीकडे अक्का एवढंच म्हणाली, “चालू.”

दाजींनी वीज चालूच ठेवली.

अक्का दवाखान्यातून परत आली नाही. धक्क्यांचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण जलदानविधीच्या दिवशी दाजींनी मला बाजूला घेतलं. “देवराव, तेलुगूत चालु म्हणजे पुरे. ती माझ्याशी मराठी बोलायची, पद्मावतीगारूंशी तेलुगू. पुरे म्हणाली असेल, तर पुढचा एकेक खड्डा तिला मीच दिला.”

हैदराबादेत हा शब्द टाळणार कुठे? सांबार वाढताना चालु, दूध ओतताना चालु. दाजींचा घास तोंडाशीच थांबायचा. मला रागच यायचा. मेलेल्या माणसाच्या शब्दाचा असा कीस पाडू नये. पण रात्री अंथरुणावर पडलो की मलाही तो अक्काच्या आवाजात ऐकू यायचा, आणि मी तर त्या गाडीत नव्हतोही.

मग पद्मावतींच्या नवऱ्याची नोकरी आंध्राच्या वाट्याला गेली. सामानाची लॉरी दारात लागली तेव्हा दाजी अनवाणीच धावले. मी मागोमाग गेलो.

“पद्मावतीगारू, उस दिन मनकर्णा किसकी तरफ देखको बोली?”

पद्मावतींनी हातातली पिशवी खाली ठेवली. “आपकूच देखको बोली, भाईसाब.”

म्हणजे मराठीच. म्हणजे चालू ठेवा. त्या संध्याकाळी दाजी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, भाकरी मागून घेतली. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

हात धुताना ते म्हणाले, “फार भली बाई आहे पद्मावती.”

“आहेच,” मी म्हणालो.

“त्या दिवशी गाडीत मनकर्णाचे डोळे मी रुमालाने झाकले होते, देवराव. काचेतून ऊन येत होतं.”