घेवड्याचं बी

आज सोसायटीच्या गच्चीवर गेले, तर घेवड्याचा वेल पार ओरबाडलेला. बियासाठी एकसुद्धा शेंग वाळत ठेवली नव्हती.

बायकांनी गच्चीवर शेती काढली, तेव्हा सासूनं दिलेलं बी मी सगळंच्या सगळं त्यांना दिलं. म्हटलं, "निम्म्या शेंगा बियाला राखा, पुढं दहा गच्च्यांना पुरेल." सगळ्या "हो आजी" म्हणाल्या.

आज विचारलं, तर सेक्रेटरीबाई हसल्या. "अहो आजी, भाजी काय गोड झाली होती! बी काय, दुकानात पाकिटं मिळतात की."

मी म्हटलं, "बरं."

दुष्काळात घरात दाणा नव्हता. गाडग्यात राखेत ठेवलेल्या त्या बियाकडं बोट दाखवून माझी पोरं रडायची. मी त्यांना उपाशी निजवलं, पण बियाला हात लावू दिला नाही.

पोरं आता मोठी झालीत. ते बी कुणी खाल्लं म्हणून सांगू त्यांना?