उमरीच्या गुलाबाच्या काड्या

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिवकांताबाईंनी नांदेडच्या शाळेत जन्मभर शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सगळी शिस्त गच्चीवरच्या कुंड्यांना लावली. फांदी लावायला मुळं फुटण्याची बाजारची पावडर त्यांना चालत नाही. कोरफडीचं पान चिरून गर काढायचा, त्यात चिमूटभर दालचिनीची पूड कालवायची, काडीचं टोक त्यात बुडवून ओल्या वाळूत खोचायचं आणि वरून कापलेली पाण्याची बाटली उपडी घालायची. हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगतात, की कुणी नुसतं दालचिनी म्हटलं तरी मला धडकी भरते.

गरात काही खोट नव्हती. खोट बाईंच्या हातात होती. काडी खोचली की त्यांना चैन पडायचं नाही. दर रविवारी एकेक काडी उपटून मूळ फुटलं का ते बघायच्या आणि परत खोचायच्या. पोरांच्या चाचण्या घेण्यात आयुष्य गेलेलं, सवय कुठून जाणार! काडी वाळली की दोष नांदेडच्या उन्हाचा. मी टोकून पाहिलं, तर मलाच गप्प बसवलं.

पावसाळा सरता सरता साबेरा आली. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिलाईचं दुकान; तिची लेक कहकशां ही शिवकांताबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. साबेराचं उमरीचं माहेरचं घर विकलं गेलं होतं आणि नवा मालक अंगणात फरशी घालणार होता. अंगणातल्या देशी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद तिची अम्मी जाईपर्यंत घालत होती. तो गुलाब आता जाणार होता. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या चार काड्या साबेरानं बाईंपुढे ठेवल्या.

"बाई, अम्मीचं एवढंच राहिलं हाय. कसंबी करून जगवा."

बाई खुलल्या. गर, दालचिनी, बाटली, सगळं साग्रसंगीत झालं. रविवारचं उपटणंही झालं. एक काडी काळी पडली, मग दुसरी. तिसरी उपटली तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काडीला तांदळाच्या कणीएवढं पांढरं मूळ आलं होतं, ते बाईंच्या बोटांत तुटलं. या वेळी त्यांनी उन्हाचं नाव काढलं नाही.

"मीच मारल्या गं तिन्ही," त्या म्हणाल्या. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

त्याच संध्याकाळी शेवटच्या काडीची कुंडी घेऊन त्या साबेराच्या दुकानात गेल्या. सोबतीला मला नेलं. काही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "ही तुझ्यापाशी राहू दे. माझ्याकडं राहिली तर मी हिलाही उपटीन."

साबेरानं मशीन थांबवली. मग कुंडी उचलून खिडकीत ठेवली आणि पुन्हा शिवायला बसली.

थंडीत कुंडीच्या खालच्या भोकातून मूळ बाहेर आलं. साबेरा कुंडी घेऊन गच्चीवर आली.

"दुकानात ऊन येत न्हाई. आता हितंच ठिवा."

बाई मागे सरकल्या. "माझा भरवसा धरू नको, साबेरा."

"अम्मीबी अशीच व्हती, बाई. गुलकंद मुरायच्या आधीच रोज बरनी उघडून बघायची. आम्ही लई वरडायचो तिला."

एवढं बोलून साबेरा हसायला गेली आणि रडायलाच लागली. बाईंनी कुंडी तिच्या हातातून घेतली.